सुट्टीतील कौटुंबिक मोटारप्रवासाचे नियोजन : एक अभ्यास

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कुठे जायचे? आजीला थंड हवा आणि थोडे देवदर्शन हवे असते. धाकट्या भावाला उंच पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या हव्या असतात. वडिलांना एखादा किल्ला, एखादे ऐतिहासिक शहर पाहायचे असते. आईला विचारले, तर ती म्हणते, "कुठेही चला." या 'कुठेही' चा खरा अर्थ 'जिथे मला स्वयंपाक करावा लागणार नाही तिथे' असा असतो, हे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. मग सर्वांचे समाधान करण्यासाठी आठ दिवसांत बारा ठिकाणांची यादी तयार होते. नवव्या दिवशी सारे कुटुंब घरी परतते ते चिडलेले, दमलेले आणि 'आता पुढची दोन वर्षे कुठे जायचे नाही' असा निश्चय केलेले.

दोष ठिकाणांचा नसतो. तो आखणीच्या पद्धतीचा असतो. आपण प्रवास आखताना ठिकाणांपासून सुरुवात करतो. ती माणसांपासून करावयास हवी. शिंपी कापड कापण्यापूर्वी माप घेतो. तद्वतच प्रवासाचा प्रत्येक दिवस घरातील सर्वांत कमी दमाच्या माणसाचे माप घेऊन बेतावा आणि त्या मापात बसेल तेवढेच ठेवावे. प्रस्तुत लेखात हा एकच विचार एका प्रत्यक्ष मार्गावर लावून पाहिला आहे.

हे काम घरातील महाविद्यालयीन मुलाने किंवा मुलीने अंगावर घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. नकाशा वाचणे, फोनवरून आरक्षण करणे, जमाखर्च मांडणे हे तिला जमते. शिवाय कला शाखेत शिकलेला भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास आणि मानसशास्त्र हे विषय उत्तरपत्रिकेबाहेर वापरून पाहण्याची एवढी चांगली संधी सहसा मिळत नाही.

कुटुंब आणि मार्ग

उदाहरणादाखल पुण्याचे एक पाच माणसांचे कुटुंब घेऊ : सत्तरीतील आजी, गाडी चालवणारे वडील, आई, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ. घरची मोटार आहे. सवड चौदा दिवसांची, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातील. निसर्ग, शहर आणि मनोरंजन उद्यान या तिन्हींचा मेळ घालायचा आहे.

पुण्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड-हुबळी, चित्रदुर्ग असा थेट बंगळूरला जातो. हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. बंगळूरहून म्हैसूर सुमारे १४५, म्हैसूरहून बंडीपूरचे अरण्य ८० आणि तेथून गुडलूरमार्गे उटी पुन्हा तेवढेच. जाणे-येणे आणि स्थानिक फिरणे धरून सुमारे २,४०० किलोमीटरचा हा प्रवास होतो.

येथे एक शंका साहजिकच येईल. मनोरंजन उद्यान पाहायचे, तर खोपोलीजवळचे, २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका पुण्याच्या अंगणातच आहे. मग एवढ्या दूर का जावे? उत्तर सोपे आहे. जे एका रविवारी जाऊन येण्यासारखे आहे, त्यासाठी उन्हाळी सुट्टीतील दिवस खर्चू नये. आखणीचे निम्मे काम वगळण्याचे असते, आणि त्याची सुरुवात घराजवळच्या ठिकाणांपासून करावी.

भूगोलाचा आधार

उन्हाळ्यात दक्षिणेकडे जायचे म्हटले, की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु हवेचा संबंध केवळ अक्षांशाशी नसून उंचीशीही असतो, हे आपण भूगोलात शिकलो आहोत. सर्वसाधारणपणे दर एक हजार मीटर उंचीमागे तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, म्हैसूर ७७० मीटर आणि उटी २,२४० मीटर. म्हैसूर ते उटी या एका दिवसात आपण जवळजवळ दीड हजार मीटर वर चढतो. म्हणजे हिशेबाने हवा नऊ-साडेनऊ अंशांनी थंड होते. मे महिन्यातही आजीची शाल आणि सर्वांचे स्वेटर बरोबर घ्यावे लागतात ते यामुळे.

काळ निवडतानाही भूगोल उपयोगी पडतो. मोसमी पाऊस केरळात साधारणपणे १ जूनच्या सुमारास येतो आणि लगेच कर्नाटकात शिरतो. त्याआधी एप्रिल-मेमध्ये दक्षिण कर्नाटकात दुपारनंतर वळवाच्या सरी कोसळतात. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात जावे, आणि त्यातही उघड्यावरची ठिकाणे सकाळीच उरकून घ्यावीत.

रस्त्याचा कंटाळा हा लहान मुलांचा मोठा शत्रू. त्यावर नद्या मोजण्याचा खेळ हा चांगला उतारा आहे. सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या हा महामार्ग एकीमागून एक ओलांडतो : शिरवळजवळ नीरा, पुढे कृष्णा, कऱ्हाडला कोयना, मग वारणा, कोल्हापूरला पंचगंगा, पुढे दूधगंगा, बेळगावनंतर मलप्रभा आणि हरिहरला तुंगभद्रा. 'दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते आहे' हे पाठ्यपुस्तकातील वाक्य दहा वर्षांच्या मुलाला पुलांवरूनच समजते.

खडकांचेही तसेच. आपल्या पायाखालचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बेळगाव ओलांडले, की तो मागे पडत जातो. बंगळूरच्या लालबागेत जो उघडा खडक आहे त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानतात. त्या खडकावर आजी-नातवंडे क्षणभर टेकली, तर तिघांच्याही वयातील अंतर नाहीसे झाल्यासारखे वाटेल.

थकव्याचे प्रकार

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ठिकाणांची विभागणी आपण निसर्ग, शहर, उद्यान अशी करतो. आखणी करणाऱ्याने ती वेगळ्या रीतीने करावी : कोणते ठिकाण माणसाला कशा प्रकारे दमवते?

रस्ता पाठ-कंबर दमवतो; चालकाचे तर डोळे आणि लक्षही. शहर पाय दमवते आणि गोंगाटाने डोके. मनोरंजन उद्यान मज्जातंतूंना दमवते. तेथे दर अर्ध्या तासाला काहीतरी उत्कट घडत असते आणि मधला वेळ रांगेत जातो. अरण्य सबुरीची परीक्षा पाहते : पहाटे उठायचे, गप्प बसायचे आणि काही दिसेलच याची हमी नाही. थंड हवेचे ठिकाण वर पोचल्यावर विसावा देते, परंतु तेथवर नेणारा घाट पोटात ढवळून काढतो.

एकाच प्रकारचा थकवा दोन दिवस लागोपाठ आला, की माणसे चिडतात; प्रकार बदलला, की त्यातून विश्रांतीही मिळते. लांबच्या प्रवासानंतर शहरातील बागेत चालणे सुखाचे होते. उद्यानातील आरडाओरड्यानंतर एक रिकामी दुपार लागते. सारीच ठिकाणे चांगली असूनही काही सहली फसतात, त्या बहुधा क्रम चुकल्यामुळे.

या विचारातून तीन नियम निघतात. पहिला : एका दिवसात एकच मोठी गोष्ट, दुसरी झाली तर लाभ, न झाली तर हळहळ नाही. दुसरा : ज्या दिवशी तीनशे किलोमीटर गाडी चालली, त्या दिवशी प्रवास हीच ती मोठी गोष्ट. तिसरा : चार दिवसांत एक दुपार पूर्णपणे रिकामी. या रिकाम्या दुपारीच आजी जुन्या गोष्टी सांगते, पत्ते निघतात, कपडे धुऊन होतात. परतल्यावर पुष्कळदा तीच दुपार सर्वांना आठवते.

वारांचे गणित

क्रम ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे वार. म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला. हेन्री आयर्विन या वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्यानुसार नवा वाडा १९१२ साली पूर्ण झाला. त्याच्यावरील दिव्यांची रोषणाई रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी असते. म्हैसूरचे १८९२ सालचे प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते. मनोरंजन उद्यानात शनिवार-रविवारी गर्दी उसळते, म्हणून तेथे कामाच्या दिवशी जावे. उटीचेही तेच.

म्हणजे रविवारची संध्याकाळ म्हैसूरला हवी, ही खुंटी आधी ठोकावी आणि बाकीचे दिवस तिच्या मागेपुढे टांगावेत. तसे केले, की पुढील वेळापत्रक निघते :

सोमवार : पुणे ते बेळगाव, ३४० किलोमीटर.
मंगळवार : बेळगाव ते चित्रदुर्ग, ३०० किलोमीटर. वाटेत धारवाडचे पेढे आणि दावणगेऱ्याचा लोण्याचा डोसा.
बुधवार : सकाळी चित्रदुर्गचा किल्ला, नंतर बंगळूर, २०० किलोमीटर.
गुरुवार : बंगळूर. सकाळी लालबाग, दुपारी विश्वेश्वरय्या वस्तुसंग्रहालय.
शुक्रवार : बिडदीजवळचे वंडरला. मुक्काम तेथेच जवळपास.
शनिवार : म्हैसूर. दुपार रिकामी.
रविवार : सकाळी श्रीरंगपट्टण आणि रंगनतिट्टूचे पक्षी, संध्याकाळी राजवाडा.
सोमवार : बंडीपूर.
मंगळवार : बंडीपूर ते उटी, वाटेत तेप्पकाडूचे हत्ती.
बुधवार : उटी. गाडीला सुट्टी, आगगाडीने कुन्नूर.
गुरुवार : उतरून म्हैसूर.
शुक्रवार, शनिवार, रविवार : चित्रदुर्ग, बेळगाव, पुणे.

या यादीत म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. दुसऱ्याच दिवशी अरण्यात जायचे असल्याने ते वगळले आहे. पण टाकून दिलेले नाही. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

वाटेवरचा इतिहास

हा मार्ग मराठी माणसाला परका नाही. बंगळूर शहर केंपेगौडांनी १५३७ साली वसवले. पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचा अंत १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी झाला आणि त्यांची समाधीही तेथेच, दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात आहे. महामार्ग सोडून आत जावे लागते, म्हणून परतीच्या प्रवासात सर्वांची इच्छा आणि उमेद असेल तरच ती पाहावी.

धारवाडला जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. परंतु त्यांनी कविता लिहिली ती कानडीत आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळवले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, तर गंगूबाई हनगल यांचे घर हुबळीला. मराठी आणि कानडी यांचे नाते केवळ सीमेच्या वादाचे नाही, हे या दोन गावांतून जाताना आवर्जून आठवावे.

चित्रदुर्गचा किल्ला नायकांचा. १७७९ साली तो हैदरअलीने घेतला. हातात मुसळ घेऊन किल्ल्याच्या खिंडाराशी शत्रूला अडवणाऱ्या ओबव्वाची कथा तेथे अजून सांगतात. ती ऐकायला आजीला वर चढण्याची गरज नाही. खालच्या तटाच्या सावलीत तिला बसवून धाकट्याने धावत जाऊन खिंड पाहून यावे आणि आजीला वर्णन करून सांगावे. पाहणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशा वाटणीतही दोघांचा किल्ला पाहून होतो. ग्रॅनाइटचे खडक दहा वाजताच तापू लागतात, म्हणून ही भेट सकाळी लवकर उरकावी.

श्रीरंगपट्टण हे कावेरीतील बेट. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान येथे लढताना पडला. तेथून जवळच रंगनतिट्टू हे पक्षी अभयारण्य आहे. सलीम अली यांच्या आग्रहामुळे १९४० साली त्याला संरक्षण मिळाले. इतिहास आणि निसर्ग एकाच सकाळी, फारसे न चालता पाहता येतात, असे हे ठिकाण आहे.

मनोरंजन उद्यान

वॉल्ट डिस्नेचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे उघडले. सुटे पाळणे मांडण्याऐवजी एखाद्या कल्पित जगाभोवती सारी बाग रचायची, ही कल्पना तेव्हापासून जगभर पसरली. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीत अप्पूघर आणि १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले; दोन्ही आता बंद झाली आहेत. बंगळूरचे वंडरला २००५ सालचे. ते म्हैसूरच्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर आहे, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय. त्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही.

शिष्ट माणसे अशा ठिकाणांकडे नाक मुरडतात. ते योग्य नाही. किल्ला पाहताना मुलाने मोठ्यांचे ऐकले. उद्यानात मोठ्यांनी मुलाचे ऐकावे, हा साधा न्याय आहे. मात्र तयारी हवी. मोठ्या पाळण्यांना किमान उंचीची अट असते. म्हणून भावाची उंची घरीच भिंतीशी उभे करून मोजावी आणि कशात बसता येणार नाही ते त्याला आधीच सांगावे. रांगेत तासभर उभे राहून दाराशी नकार मिळणे, हे त्या वयातील मोठे दुःख आहे. पाण्याच्या खेळांना सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. उद्यान उघडताच ज्याला सर्वांत लांब रांग लागते त्या पाळण्याकडे आधी जावे. पोटभर जेवून कशातही बसू नये.

आणि आजीचे काय? पाचही तिकिटे काढून तिला उन्हात बाकावर बसवून ठेवणे, हे आपल्या सहलींतील नेहमीचे दृश्य आहे. पिशव्या आणि चपला सांभाळण्यासाठी कोणी सहलीला येत नाही. त्या दिवशी बहीण-भाऊ उद्यानात जावेत. वडिलांनी आजी आणि आईला घेऊन रामनगरजवळच्या जानपद लोक या लोककला संग्रहालयात जावे. पुढे चन्नपट्टणला लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी बनतात. ती आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांशी ताडून पाहता येतील. वाटेत रामनगरचे खडकाळ डोंगर दिसले, की वडिलांना १९७५ सालचा 'शोले' आठवेल, कारण त्याचे चित्रीकरण याच डोंगरांत झाले. संध्याकाळी सर्वांनी भेटावे आणि आपापला दिवस एकमेकांना सांगावा. एकत्र सहलीला जाणे म्हणजे चोवीस तास एकमेकांना बांधून घेणे नव्हे.

अरण्य आणि घाट

उद्यानात पैसे भरले, की थरार ठरल्या वेळी मिळतो. अरण्यात पैसे भरूनही वाघ दिसेलच असे नाही. हा फरक मुलाला आधीच समजावून द्यावा. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत बंडीपूर होते. येथून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ सालापासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतुकीस बंदी आहे, कारण अंधारात वाहनांखाली जनावरे मरत. म्हणून या टप्प्याची वेळ उजेडातलीच ठरवावी.

आपल्या आखणीवर अरण्याचा हुकूम चालतो, उलट नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाघांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांनंतर बंडीपूर आणि नागरहोळे येथील सफारी थांबवण्यात आल्या होत्या. असे पुन्हाही होऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि पर्याय तयार ठेवावा. मघाशी वगळलेले प्राणिसंग्रहालय येथे कामी येते : सफारी नसेल, तर सोमवारची सकाळ म्हैसूरलाच घालवावी. सोमवारी ते उघडे असते. ज्या आखणीत एक दार बंद झाल्यावर दुसरे उघडता येते, तिलाच आखणी म्हणावे.

मंगळवारी वाटेत तेप्पकाडूचा हत्ती तळ लागतो. २०२३ साली ऑस्कर मिळवणारा 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा लघुपट येथलाच. उटीला जाण्यासाठी वाहनाला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून ही पद्धत सुरू झाली. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात तर कामाच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहने अशी मर्यादाही होती. तेव्हा पास काढणे शेवटच्या रात्रीवर टाकू नये. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांनाही निलगिरीत बंदी आहे. घरचे स्टीलचे तांबे आणि बाटल्या न्याव्यात.

मसिनगुडीवरून कल्लट्टीचा घाट जवळचा, पण त्यात ३६ अवघड वळणे आहेत. नवख्या चालकाने गुडलूरचा लांबचा रस्ता धरावा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, नुसत्या ब्रेकवर विसंबू नये. ज्याला गाडी लागते त्याला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, फोन हातात देऊ नये, न्याहारी हलकी द्यावी आणि आवळासुपारी जवळ ठेवावी.

उटीचा दिवस आगगाडीसाठी. निलगिरी पर्वतीय रेल्वे १९०८ साली उटीपर्यंत पोचली. तिचा मार्ग ४६ किलोमीटरचा असून २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उटी ते कुन्नूर हा छोटा टप्पा घेतला, तर आजी आणि नातू एकाच खिडकीत बसतात आणि वडिलांच्या हातांना चक्राशिवाय एक दिवस मिळतो.

पैशाचा हिशेब

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खर्चाचे दोन भाग पाडावेत. इंधन आणि पथकर हे मार्ग ठरला की ठरतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये आहे असे धरले, तर २,४०० किलोमीटरला १६० लिटर, म्हणजे १६,००० रुपये. प्रत्यक्षातील भाव घालून हे गणित प्रत्येकाने पुन्हा करावे. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग आवश्यक आहे. त्यात पुरेशी रक्कम ठेवावी. मुक्काम आणि जेवण हे आपल्या हातातील भाग. तेरा रात्री, दोन खोल्या, म्हणजे सव्वीस भाडी. खोलीमागे पाचशे रुपये वाचले, तर १३,००० रुपये वाचतात, जवळजवळ सारे इंधन! काटकसर कुठे करावी हे यावरून कळते.

दुसरा धडा बुडीत खर्चाचा. काढलेल्या तिकिटाचे पैसे पुष्कळदा परत येणार नसतात. मुलाला ताप भरला असताना 'पैसे भरले आहेत' म्हणून त्याला ओढत नेले, तर पैसे गेलेच, वर दिवसही गेला. एकूण अंदाजाच्या दहा टक्के रक्कम आजारपण आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढावी आणि ती उरली तर आनंद मानावा.

जिवाचा हिशेब

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा केंद्र सरकारच्या अहवालातील आहे. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसे एका वर्षात नाहीशी व्हावीत, असा हा प्रकार. सहलीची आखणी हा केवळ हौसेचा विषय नाही, तो याच कारणाने.

महामार्गावर गाडी ताशी ऐंशीने धावली तरी थांबे, गावे, पथकर नाके धरून सरासरी ४५ च्या आसपासच पडते. ३४० किलोमीटरला साडेसात तास लागतात. सकाळी सहाला निघाले, तर दीड-दोन वाजता मुक्कामी पोचता येते. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत माणसाच्या शरीराला झोप हवी असते. त्या दोन्ही वेळा गाडीबाहेर काढायच्या, हा या वेळापत्रकामागचा हेतू आहे. दर दोन तासांनी थांबावे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, यावर कोणतीही घासाघीस नको.

परतीच्या प्रवासाकडे तर विशेष लक्ष द्यावे. म्हैसूर ते पुणे हे सुमारे नऊशे किलोमीटर पुष्कळजण 'आता पाहायचे काही नाही' म्हणून एका दमात तोडू पाहतात. पाहायचे काही नसेल; पोचायचे आहे. आपल्या आखणीत परतीला तीन दिवस दिले आहेत. ते कोणी 'वाया गेलेले दिवस' म्हणाले, तर मुलीने ठामपणे नाही म्हणावे. वडिलांना "बाबा, तुम्ही दमलात, आता थांबू या" असे सांगण्याचा अधिकार गाडीत एका माणसाला आधीच द्यावा. चालक स्वतः ते कधीच म्हणत नाही.

आईची सुट्टी

पहिल्या दिवसासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग बरोबर असावे. त्यात गंमत आहे, सोयही आहे. पण शेगडी आणि पातेली गाडीत चढली, की आईचे स्वयंपाकघर फक्त गाव बदलते. या मार्गावर साधे, गरम आणि स्वस्त जेवण जागोजाग मिळते. सामान बांधणे, औषधे, कपडे यांची वाटणी सर्वांत करावी. दहा वर्षांच्या मुलानेही आपली पिशवी आपण भरावी. आखणी करणाऱ्या मुलीने आईला एकदा एकटीला गाठून विचारावे : "तुला स्वतःला काय पाहायचे आहे?" पहिल्यांदा उत्तर येईल, "काही नाही गं." दुसऱ्यांदा विचारावे. जे उत्तर येईल ते वेळापत्रकात लिहून टाकावे आणि वेळ कमी पडला, तरी ते कापू नये.

समारोप

सारांश, निसर्ग, शहर आणि उद्यान यांचा मेळ नकाशावर सहज बसतो. तो माणसांत बसवावा लागतो. कोण किती चालू शकते, कोणाला किती वेळ गप्प बसवते, कोण कशाला भिते, कोण आपली इच्छा बोलून दाखवत नाही, हे ठाऊक असल्याशिवाय वेळापत्रक लिहिता येत नाही. ते लिहिता लिहिता आपल्याच घरातील माणसे नव्याने कळू लागतात. या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरासाठी असा एक कागद तयार करावा, मग प्रवास चौदा दिवसांचा असो की दोन दिवसांचा. कागद झाल्यावर तो सर्वांसमोर वाचावा. कोणी एखादे ठिकाण वाढवायला सांगितले, तर त्याबदली कोणते गाळायचे हेही त्याच्याकडूनच विचारून घ्यावे.